अलार्म वाजल्यावर कोण धावणार? ओपिऑइड ओव्हरडोस ओळखणारी यंत्रं कोल्हापूर जिल्ह्यात वापरात आणताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूर आणि इचलकरंजी भागात इंजेक्शनने नशा करणाऱ्यांमध्ये काम करणारी एक संस्था आहे. ती घरी मॉर्फीनवर असलेल्या कॅन्सर रुग्णांकडेही जाते. देणगीतून श्वासावर लक्ष ठेवणारे पट्टे, फोनवरचं ॲप आणि केंद्राच्या बाथरूममध्ये सेन्सर घ्यायचा विचार आहे. लोक हे स्वीकारतील का, आणि सुरुवात कुठून करावी?

खरेदीच्या आधी एक कोरा कागद घ्या. रात्री अडीच वाजता अलार्म वाजला तर तो कोणाच्या फोनवर वाजेल आणि तो माणूस किती मिनिटांत दारात उभा राहील, हे प्रत्येक वापरकर्त्यासमोर लिहा. ज्याच्यासमोर नाव लिहिता येत नाही त्याला यंत्र देऊ नका. ओपिऑइडमुळे, म्हणजे हेरॉइन, मॉर्फीनसारख्या अफूच्या जातीच्या पदार्थांमुळे, मेंदूतलं श्वासाचं केंद्र मंदावतं. मिनिटाला बारा ते सोळा असणारे श्वास आठवर, सहावर, चारवर येतात आणि मग थांबतात. प्राणवायू पूर्ण तुटला की चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. यंत्राने दहा सेकंदांत ओळखलं की तीस, याने फारसं बिघडत नाही. त्या चार-सहा मिनिटांत श्वास देणारे हात तिथे नसतील तर सगळं बिघडतं. वापरणाऱ्यांना हे आपल्याआधी कळलेलं असतं, म्हणून त्यांचा पहिला प्रश्न ‘हे चालतं का?’ असा नसतो. ‘वाजल्यावर कोण येणार?’ असा असतो.

तंत्रज्ञानाच्या स्वीकाराबद्दल १९८९ साली फ्रेड डेव्हिस यांनी मांडलेलं प्रारूप आजही शिकवलं जातं: यंत्र उपयोगी वाटलं आणि वापरायला सोपं वाटलं तर माणूस ते वापरतो. बँकेच्या ॲपला हे पुरतं. ज्याच्या खिशात बंदी असलेला पदार्थ आहे, त्याच्या डोक्यात तिसरा हिशोब असतो: हे वाजलं तर माझं पुढे काय होईल? पोलीस येतील का, घरी कळेल का, गिरणीतलं काम जाईल का. हा तिसरा हिशोब आपण सोडवला नाही, तर पट्टा चार दिवस मनगटावर राहील आणि पाचव्या दिवशी कपाटात जाईल.

म्हणून पोलिसांचा मुद्दा आधी घेतो. ओव्हरडोस झालेल्याला दवाखान्यात नेणाऱ्या साथीदाराला सरसकट संरक्षण देणारा कायदा आपल्याकडे नाही. रस्ते अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ ने संरक्षण दिलं आहे, पण ते फक्त अपघातासाठी. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यातल्या (१९८५) कलम ६४-अ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत काढून घेता येते. दवाखान्यात विषबाधा किंवा ओव्हरडोस म्हणून नोंद झाली की साधारणपणे एमएलसी (मेडिको-लीगल केस) होते आणि पोलीस चौकीला कळवलं जातं. हे लपवू नका. ‘काही होणार नाही’ असं सांगून पट्टा बांधलात आणि सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात हवालदार जबाब घ्यायला आला, तर त्या वस्तीत तुमचं काम संपलं. आधीच सांगा: एमएलसी होईल, जबाब होईल, आमचा माणूस सोबत थांबेल. मग खरंच थांबा. कार्यक्रम सुरू करण्याआधी स्थानिक ठाण्याच्या निरीक्षकांना आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी कळवून ठेवा, पण वापरकर्त्यांची यादी कोणालाही देऊ नका.

माहितीचंही तसंच. बहुतेक ॲप ठिकाण नोंदवतात. रोज दुपारी कोण कुठे बसतो याचा नकाशा तुमच्या सर्व्हरवर साठला तर तो उद्या कोणीतरी मागेल. ठिकाण फक्त अलार्मच्या क्षणी जावं, एरवी नाही. नोंद नावाने न करता क्रमांकाने करावी आणि ठरलेल्या मुदतीत, समजा तीस दिवसांत, पुसावी. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार संमती स्पष्ट आणि मागे घेता येण्यासारखी हवी. ती मराठीत, एका पानावर, वाचून दाखवून घ्या. ‘नको’ म्हणणाऱ्याची सुई-सिरिंज, समुपदेशन, बुप्रेनॉर्फीन (व्यसनावरच्या उपचाराचं औषध) यातलं काहीही अडता कामा नये. पट्टा ही सेवा मिळवायची अट झाली की लोक पट्टा घेतात आणि सेवाच टाळायला लागतात.

आता यंत्रं. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर कोविडपासून घरोघरी पडून आहे. त्याला बहुधा अलार्म नसतो आणि बोट काढलं की तो बंद होतो, त्यामुळे झोपेतल्या माणसासाठी तो पहारेकरी नव्हे. हात गार असेल, नखाला गडद रंग असेल, माणूस हालत असेल तर आकडा चुकतो. सावळ्या-काळ्या त्वचेवर बरेच ऑक्सिमीटर प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवतात. शिवाय रक्तातला प्राणवायू हा श्वासाच्या मागून घसरतो. रुग्ण घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असेल तर श्वास मिनिटाला सहावर आला तरी ऑक्सिमीटर बराच वेळ पंच्याण्णव दाखवत राहू शकतो. घरी सतत लावायच्या, फोनला आणि नातेवाईकांना इशारा देणाऱ्या बोटावरच्या सेन्सरला अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने २०२३ साली मान्यता दिली, ते मासिमो कंपनीचं ओपिऑइड हेलो. बाजारातले स्मार्ट बँड त्या जातीचे नाहीत. ते अधूनमधून मोजतात आणि व्यायामासाठी बनवलेले असतात. सीडीएससीओ या आपल्या केंद्रीय औषध नियामकाची नोंदणी पाहिल्याशिवाय ‘वैद्यकीय’ हा शब्द मान्य करू नका.

फोनच्या स्पीकरमधून माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडून छातीची हालचाल टिपणारं ॲप वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटाने व्हँकुव्हरच्या देखरेखीखालील इंजेक्शन केंद्रात तपासलं. ते काम २०१९ साली प्रसिद्ध झालं. सुमारे एक मीटर अंतरात साधारण नव्वद टक्के वेळा त्याने धोका बरोबर ओळखला. कल्पना उत्तम आहे, कारण अंगावर काहीच बांधावं लागत नाही. पण तिथे माणूस खुर्चीत बसलेला, फोन समोर टेबलावर. आपल्याकडे चार जण दाटीने बसलेले, फोन खिशात किंवा गहाण. त्याच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ साली पोटावर लावायचं, श्वास थांबला की आपोआप नॅलॉक्सोन (ओपिऑइडचा परिणाम उलटवणारं औषध) टोचणारं नमुना-यंत्रही दाखवलं. यावर वापरणाऱ्यांचा आक्षेप ठरलेला असतो आणि तो रास्त आहे. उगाचच टोचलं तर ओकाऱ्या, थंडी, अंगभर काटा, हाडं मोडल्यासारखं दुखणं, म्हणजे ‘विड्रॉल’. ते एकदा भोगलेला माणूस असं यंत्र स्वतःच्या पोटावर लावून घ्यायला सहज तयार होत नाही. त्याला ‘रद्द’चं बटण आणि दहा-पंधरा सेकंदांची पूर्वसूचना हवी असते. कुठल्याही यंत्रात ही सोय आहे का, ते आधी पाहा.

माझ्या मते तुमचा पहिला खर्च बाथरूमवर व्हावा. तिथे अंगावर काही बांधायचं नाही, नाव नाही, फोन नाही, म्हणून विरोध सगळ्यात कमी होतो. रचना सोपी आहे: दाराला चुंबकी स्विच, छताला हालचाल टिपणारा सेन्सर, आत एक मोठं बटण, बाहेर हूटर. दार बंद झालं आणि आत नव्वद सेकंद हालचाल नाही, तर आधी आतच बझर वाजावा. ‘ठीक आहे’ म्हणून बटण दाबलं तर संपलं. आणखी तीस सेकंद उत्तर नाही आलं तर बाहेरचा हूटर वाजावा. स्वस्त पीआयआर सेन्सर अंगाची उष्णता आणि भोवतालची उष्णता यातला फरक टिपतो. एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याखाली तो फरक उरत नाही आणि सेन्सर आंधळा होतो, म्हणून रडार जातीचा घ्या. रडार मात्र एक्झॉस्ट पंख्याला माणूस समजतो. त्याचं तोंड पंख्यापासून दूर वळवा आणि पंखा सुरू ठेवून, जमिनीवर निजून चाचणी घ्या. महावितरणची वीज गेली तर चार तास चालेल एवढी बॅटरी हवी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे हटकून विसरलं जातं: दार बाहेर उघडणारं हवं आणि कडी बाहेरून नाण्याने फिरवता यायला हवी. बेशुद्ध माणूस आत उघडणाऱ्या दाराला टेकून पडला तर हूटर वाजत राहतो आणि लोक दार ढकलत बसतात.

पट्टे किंवा फोन वापरायचेच असतील तर ब्लूटूथची पोच साधारण दहा मीटर धरा, जुन्या जाड भिंतींच्या घरात त्याहून कमी. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला आणि रुग्ण माडीवर, अशी स्थिती रोजची असते. गगनबावडा शहरापासून सुमारे ५५ किलोमीटर. तिकडे आणि शाहूवाडीच्या वाड्यांवर नेट जातं-येतं, त्यामुळे इशारा इंटरनेटवर अवलंबून नको. घरातल्या घरात वाजणारी घंटा आधी, एसएमएस नंतर, ॲप सगळ्यात शेवटी.

कॅन्सरच्या रुग्णांचा विचार वेगळा करा. दोन्ही गटांना एकच यंत्र देणं ही मोठी चूक ठरेल. ‘मॉर्फीन म्हणजे शेवट’ ही भीती घराघरात आहे. त्यात उशाशी अलार्म ठेवला की मुलगा घाबरून डोस अर्धा करतो आणि आई रात्रभर विव्हळते. डोस स्थिर असलेल्या, बोलत्या-जेवत्या रुग्णाला पट्ट्याची गरज नाही. गरज पडते ती मूत्रपिंड निकामी होत असेल तेव्हा, कारण मॉर्फीनचे घटक साठतात. डोस नुकताच वाढवला असेल तेव्हा. सोबत अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी किंवा दारू असेल तेव्हा. आणि आधीपासून घोरण्यात श्वास अडकण्याचा आजार असेल तेव्हा. फेंटानिल या तीव्र ओपिऑइडचा, त्वचेवर चिकटवायचा पॅच ७२ तासांचा असतो. त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवली किंवा जुना न काढता नवा लावला तर डोस वाढतो. काढलेला पॅच चिकट बाजू आत दुमडून, कुलपात ठेवून परत द्यायचा, कारण त्यात उरलेलं औषध लहान मुलाचा जीव घेऊ शकतं.

शेवटच्या दिवसांत श्वास मंद आणि अनियमित होतो, तो आजाराचाच भाग असतो. तेव्हा पट्टा काढून ठेवा. त्या वेळी नॅलॉक्सोनचं पूर्ण ॲम्प्यूल टोचणं म्हणजे मरणाऱ्या माणसाला एका क्षणात सगळ्या वेदना परत देणं. खरोखर डोस जास्त झाला असेल तर डॉक्टर ०.४ मिलिग्रॅम सलाइनमध्ये १० मिलिलिटर करून, दर दोन मिनिटांनी एक-एक मिलिलिटर शिरेतून देतात आणि श्वास सुधारला की थांबतात. रुग्ण जागा होईपर्यंत नाही. हे डॉक्टरांकडून आधी लिहून घ्या आणि तो कागद औषधांच्या डब्यावर चिकटवा.

घरच्यांना यंत्राआधी एक गोष्ट शिकवा, कारण तिला चार्जिंग लागत नाही. खोल, घरघर करणारं, मध्येच तुटणारं घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे. ‘दमलाय, झोपू दे’ म्हणून दार लोटून घेतलेल्या खोल्यांमध्येच माणसं जातात. हाक मारा, खांदा हलवा, छातीच्या मधल्या हाडावर मुठीच्या पेरांनी जोरात घासा. उठत नसेल तर पोटावर हात ठेवून तीस सेकंद श्वास मोजा आणि दुप्पट करा. दहाच्या खाली असेल, ओठ-नखं निळसर-करडी असतील, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या असतील, तर ओव्हरडोस धरून चाला.

१०८ ला फोन करताना पहिलं वाक्य ‘माणूस बेशुद्ध आहे, श्वास घेत नाही’ एवढंच. मग पत्ता आणि ठळक खूण: तालीम, देऊळ, दूध संस्था. काय घेतलं ते रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना प्रत्यक्ष सांगा, तिथे लपवू नका. डोकं मागे, हनुवटी वर, तोंडातलं बाहेर काढा, नाक दाबून दर पाच सेकंदांना एक श्वास द्या. छाती वर उचलली पाहिजे. श्वासही नाही आणि नाडीही लागत नाही तर छाती दाबणं सुरू करा. नॅलॉक्सोन नंतर येतं, आणि तेही श्वास देत असतानाच. अमेरिकेत नाकातला ४ मिलिग्रॅमचा फवारा २०२३ पासून चिठ्ठीशिवाय मिळतो. आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं ते मुख्यतः ०.४ मिलिग्रॅमचं काचेचं ॲम्प्यूल, म्हणून सराव लागतो. टोकातलं औषध टिचकी मारून खाली आणायचं, मान कापसात धरून आपल्यापासून दूर मोडायची, २ मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये ओढायचं, आणि इंचभर सुईने मांडीच्या बाहेरच्या मधल्या भागात सरळ टोचायचं. घाईत पॅन्टवरून चालतं. दोन-तीन मिनिटांत श्वास सुधारला नाही तर दुसरं. सरावाला पाण्याची ॲम्प्यूल वापरा आणि अंधारात, मोबाइलच्या उजेडात करून घ्या. थरथरत्या हाताने काच मोडणं हाच या साखळीतला कच्चा दुवा आहे.

नॅलॉक्सोनचा परिणाम ३० ते ९० मिनिटं टिकतो, मेथाडोनसारखं ओपिऑइड त्याहून कितीतरी जास्त. माणूस उठून बसतो, चिडतो, ‘मला काही झालं नाही’ म्हणून निघून जातो आणि तासाभराने पुन्हा पडतो. निदान दोन तास कोणीतरी सोबत हवं, शक्यतो दवाखान्यात. पट्टा तेव्हा काढू नका, त्याचा खरा उपयोग याच दोन तासांत आहे. मिठाचं पाणी टोचणं, थंड पाणी ओतणं, लिंबू पाजणं, धरून चालवणं, कांदा हुंगवणं यांनी फक्त मिनिटं जातात.

जिल्ह्यात तीन गोष्टी फसवतात. कीटकनाशकाच्या विषबाधेतही बाहुल्या बारीक होतात आणि माणूस बेशुद्ध पडतो. पण तिथे तोंडातून लाळ-फेस, घाम, स्नायूंची फडफड आणि औषधाचा वास असतो. त्याला ॲट्रोपीन हे वेगळं औषध लागतं. कपडे काढा, अंग धुवा, दवाखाना गाठा. दुसरं, व्यायामशाळांतून शिरलेलं मेफेंटरमाइनचं इंजेक्शन. ते ओपिऑइड नाही. त्यात छाती धडधडते, रक्तदाब चढतो, नॅलॉक्सोनचा काही उपयोग नाही, आणि श्वासाचा पट्टा गप्प बसतो. तिसरं, ट्रामाडॉल ही ओपिऑइड जातीची वेदनाशामक गोळी. २०१८ पासून ते एनडीपीएसखाली आहे, पण वापर चालू आहे. जास्त झालं तर आकडी येते आणि घरचे फिट समजून श्वासाकडे पाहतच नाहीत. झोपेच्या गोळ्या, म्हणजे ‘बटन’, सोबत असतील तर नॅलॉक्सोनने श्वास परतला तरी शुद्ध येणार नाही. ‘औषध लागू पडलं नाही’ असं समजून श्वास देणं थांबवू नका.

स्वीकार मोजायला प्रश्नावली वाटू नका. ताईंनी विचारलं म्हणून सगळे ‘हो, वापरीन’ म्हणतात. दहा माणसं, सहा आठवडे घ्या आणि चार आकडे लिहा: दिवसात किती तास पट्टा अंगावर होता, किती रात्री चार्ज संपला, खोटे अलार्म किती, आणि अलार्मला दोन मिनिटांत उत्तर किती वेळा मिळालं. माझा ठोकताळा असा की एका घरात आठवड्यात दोन-तीनपेक्षा जास्त खोटे अलार्म गेले तर तिसऱ्या आठवड्यात आवाज बंद केलेला सापडतो. बहुतेक खोटे अलार्म पट्टा सैल असण्याने किंवा हात अंगाखाली दाबला जाण्याने येतात. इशारा देण्यापूर्वी पंधरा सेकंद थांबायची सोय असेल तर ती वापरा. पट्टा बांधून द्यायला आउटरीच वर्करपेक्षा (वस्तीत फिरणाऱ्या कार्यकर्त्यापेक्षा) पीअर, म्हणजे वापरणाऱ्यांमधलाच माणूस, जावा. ‘भावा, परवा माझाच वाजला, आपला गडी येऊन बघून गेला’ हे त्याच्या तोंडून ऐकलेलं वाक्य तुमच्या पत्रकापेक्षा खोल जातं.

पहिल्या दहात कोण असावेत, हेही ठरवून घ्या. सगळ्यात जास्त धोका रोज घेणाऱ्याला नसतो, मध्ये खंड पडलेल्याला असतो. कळंबा कारागृहातून सुटलेला किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून महिनाभराने घरी आलेला माणूस जुना डोस घेतो, पण शरीराची सवय मोडलेली असते. सुटकेनंतरचे पहिले दोन आठवडे सर्वांत वाईट. तेव्हा यंत्र कपाटात पडू न देता अशा माणसाला दोन-तीन आठवड्यांसाठी उसनं द्या, सोबत दोन ॲम्प्यूल, दोन सिरिंज, तोंडावर ठेवायचा श्वासाचा पडदा आणि १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन लिहिलेला कागद. पिशवी त्याच्याकडे नको, ज्याच्यासोबत तो झोपतो त्या भावाकडे किंवा आईकडे द्या. बेशुद्ध माणूस स्वतःची पिशवी उघडत नाही. ॲम्प्यूलची मुदत पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहा, उन्हात तापणाऱ्या गाडीच्या डिकीत ती ठेवू नका असं बजावा, आणि यंत्र परत घ्यायला जाल तेव्हा पिशवी उघडून पाहा.